दर दोन तासांनी कूस बदलल्याची सही आणि प्रत्यक्ष काम

प्रश्न (अधिपरिचारिका, पुरुष मेडिसिन कक्ष)

नमस्कार. मी एका सरकारी रुग्णालयात काम करते. आमचा कक्ष चाळीस खाटांचा आहे, परंतु पावसाळ्यात खाली गाद्या टाकाव्या लागतात आणि रुग्ण पन्नासच्या वर जातात. रात्रपाळीला आम्ही दोघीच असतो. सध्या लकव्याचे सहा रुग्ण स्वतःहून कूस बदलू शकत नाहीत. गेल्या महिन्यात त्यांपैकी एका आजोबांच्या माकडहाडाजवळ बेडसोर (सतत एकाच जागी दाब पडून होणारी जखम) झाला, आणि इन्चार्ज सिस्टरांनी दर दोन तासांनी कूस बदलल्याच्या नोंदीचा चार्ट काढून पाहिला तेव्हा दहा, बारा, दोन, चार अशा प्रत्येक वेळेसमोर सही होती. त्यांतल्या दोन रात्रींच्या सह्या माझ्या होत्या. पहाटे ओव्हर देण्यापूर्वी (पुढच्या पाळीकडे काम सोपवण्यापूर्वी) त्या मी एकाच बैठकीत केल्या होत्या, हे येथे लपवण्यात अर्थ नाही.

कूस बदलण्याचे काम नातेवाइकांना शिकवून त्यांच्यावर सोपवणे योग्य आहे काय? सोपवले, तर त्याची नोंद कशी करावी?

उत्तर १ (सेवानिवृत्त परिसेविका)

आपल्याकडे नातेवाईक हे काम आधीपासूनच करत आहेत. फक्त ते कोणी शिकवलेले नसते आणि कागदावर कोठेही दिसत नाही. त्यामुळे शिकवण्यास माझी हरकत नाही. मात्र पहिल्या दिवशी सिस्टरने स्वतः करून दाखवावे, दुसऱ्या वेळी त्यांच्याकडून करून घ्यावे आणि त्वचा पाहण्याचे काम कधीही त्यांच्यावर सोपवू नये. रुग्णाला काखेत हात घालून वर ओढण्याची सवय घरच्यांना असते, कक्षातल्या मामांनाही (वॉर्डबॉयनाही) असते. त्या ओढण्यात वरची कातडी गादीला चिकटून राहते आणि आतले मांस सरकते. पुष्कळ जखमा अशाच सुरू होतात. कमरेखाली दुहेरी चादर घालून दोघांनी उचलून सरकवावे.

नोंदीबाबत मी कठोर आहे. "रात्री २ वाजता मुलाने डाव्या कुशीवर वळवले, त्वचा मी तपासली, लाली नाही" असे लिहावे, आणि जमले नसेल तर "जमले नाही, कक्षात ५२ रुग्ण, कर्मचारी २" असे लिहावे. भारतीय परिचर्या परिषदेच्या मानकांत अध्यापन रुग्णालयाच्या सामान्य कक्षात तीन रुग्णांमागे एक आणि इतर रुग्णालयांत पाच रुग्णांमागे एक परिचारिका, शिवाय रजेसाठी तीस टक्के राखीव, असे प्रमाण आहे. आपल्या सगळ्या चौकटी भरलेल्या असल्या, तर मनुष्यबळ वाढवून मागणाऱ्या मेट्रनच्या हातात कोणता पुरावा उरतो?

उत्तर २ (पाठ्यनिर्देशिका, नर्सिंग महाविद्यालय)

वरील मताशी सहमत आहे, परंतु दोष केवळ मनुष्यबळाचा नाही, आम्ही शिकवतो त्याचाही आहे. पाठीला स्पिरिट चोळून पावडर लावणे कित्येक वर्षे "बॅक केअर" म्हणून शिकवले गेले. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते आणि लाल झालेली जागा चोळल्याने आतील इजा वाढते. टाचेखाली पाण्याने भरलेला हातमोजा ठेवण्याचाही उपयोग नाही. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवावी. कुशीवर वळवताना पूर्ण नव्वद अंशांत नको, कारण मग सारा भार खुब्याच्या हाडावर येतो. पाठीमागे उशी लावून तीस अंशांचा कल पुरतो. आपल्या सावळ्या रंगावर लाली दिसेलच असे नाही, म्हणून बोटांनी चाचपून ती जागा शेजारच्या त्वचेपेक्षा गरम किंवा कडक लागते का, हे पाहावे.

सहाही रुग्णांना एकाच मापाने मोजू नका. बेडसोरचा धोका मोजण्याच्या ब्रेडन मापनात संवेदना, ओलावा, हालचाल, स्थिती बदलण्याची क्षमता, आहार आणि घर्षण अशा सहा बाबींना गुण देतात. एकूण गुण ६ ते २३ असतात आणि १८ किंवा त्याहून कमी म्हणजे धोका. दाखल होतानाच हे केले, तर दोघींचे हात आधी कोठे जायला हवेत ते कळते. अमेरिका व कॅनडातील नर्सिंग होममध्ये झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन, तीन आणि चार तासांच्या अंतराने वळवलेल्या रहिवाशांमध्ये जखमांच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नव्हता. पण तेथे सर्वांना घन फोमच्या गाद्या होत्या. रेक्झिन चढवलेल्या आपल्या काथ्याच्या गादीसाठी त्याचा दाखला देऊन सूट घेता येणार नाही.

उत्तर ३ (रुग्णाची सून)

मी परिचारिका नाही. सासऱ्यांसोबत अकरा रात्री कक्षात काढल्या. "यांना फिरवत राहा" एवढेच सांगितले गेले आणि ते किती वेळा, कसे, हे विचारायचे धाडस होईना, कारण सिस्टर सतत धावत असत. बारानंतर मी खाटेखाली झोपून जाई. शिकवा, जरूर शिकवा, पण रात्री आम्हाला उठवण्याचीही काही सोय असावी. आणि ज्यांच्याजवळ कोणीच नसते त्यांचे काय?

प्रश्नकर्तीचे उत्तर

ताईंच्या शेवटच्या प्रश्नावरून ठरवले: सहांपैकी दोघांजवळ कोणी नाही, तेव्हा ते दोघे पूर्णपणे आमचे. बारा आणि चारच्या इंजेक्शनच्या फेरीला मी व माझी सहकारी मिळून त्यांना वळवू, मधल्या दोनच्या फेरीसाठी मामांशी बोलले आहे; इतर चौघांच्या नातेवाइकांना त्या-त्या वेळी हाक देऊ आणि त्वचा आम्ही पाहू. चार्टवर "कोणी वळवले" असा रकाना पेनाने आखला आहे. काल रात्री दोनच्या वेळेसमोर तीन जागा कोऱ्या राहिल्या, त्या कोऱ्याच ठेवून शेजारी कारण लिहिले. इन्चार्ज सिस्टरांनी वाचले. अद्याप काही म्हणाल्या नाहीत.