काजू कारखान्यासाठी व्हेंचर कॅपिटल घ्यावं का?

काजूवाला, वेंगुर्ले:
आमची भागीदारी फर्म आहे, काजूगराची. मार्च ते मे या दिवसांत वर्षभराची बी भरून ठेवावी लागते, तिथंच पैसा अडकतो. शिवाय स्वतःचा ब्रँड काढून ऑनलाइन विकायचंय. व्हेंचर कॅपिटलला व्याज नाही, तारण नाही असं ऐकलं. दोन कोटी मिळतील का? परत कधी द्यायचे?

खातेवही:
परत द्यायचे नसतातच, कारण व्हेंचर कॅपिटल फंड पैसे देतो तेव्हा तुम्ही त्याला कंपनीतला हिस्सा विकलेला असतो. गुंतवणुकीआधी कंपनीची किंमत ६ कोटी धरली आणि २ कोटी आले, तर त्यांचा हिस्सा २५ टक्के. फंडाची मुदत साधारण १० वर्षं. त्याच्या आत तो हिस्सा कित्येक पटीत विकून त्यांना बाहेर पडायचं असतं. बऱ्याच कंपन्या बुडणार हे धरूनच ते पैसे लावतात. त्यामुळे दरवर्षी थोडा थोडा वाढणारा, नफ्यातला कारखाना त्यांच्या कामाचा नाही.

बी भरायला तर हा पैसा अजिबात नको. ते खेळतं भांडवल. त्याला बँकेची सीसी (कॅश क्रेडिट) लिमिट बरी: गोदामातल्या मालावर उचल घ्या, गर विकेल तसा भरणा करा. काही महिन्यांच्या गरजेसाठी कायमचा हिस्सा कशाला द्यायचा?

सीए, रत्नागिरी:
ब्रँडसाठी घ्यायचंच तर आधी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढा, भागीदारी फर्म कुणाला शेअर देऊ शकत नाही. पुढे कंपनी कायद्याचं कलम ४२: नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल, पैशासाठी वेगळं बँक खातं, पैसे आल्यापासून ६० दिवसांत शेअरवाटप, मग १५ दिवसांत पीएएस-३, म्हणजे शेअरवाटपाची माहिती देणारा फॉर्म. हा फॉर्म भरेपर्यंत त्या पैशाला हात लावता येत नाही. बरेच जण इथंच चुकतात.

टर्म शीटमध्ये, म्हणजे गुंतवणुकीच्या अटींच्या कागदात, लिक्विडेशन प्रेफरन्स (कंपनी विकली गेली तर गुंतवणूकदाराला आधी किती पैसे, ही अट) नीट वाचा. वरच्याच उदाहरणात कंपनी पुढे ५ कोटींना विकली गेली, तर 'एक पट, नॉन-पार्टिसिपेटिंग' असताना ते २ कोटी घेतात, तुम्हाला ३ उरतात. 'पार्टिसिपेटिंग' असेल तर २ कोटी घेऊन वर उरलेल्या ३ कोटींतले २५ टक्केही त्यांचेच, तुम्हाला सव्वादोन. एका शब्दावर पाऊण कोटी जातात.

काजूवाला, वेंगुर्ले:
म्हणजे बीसाठी सीसी, आणि ब्रँडपुरती वेगळी कंपनी?

खातेवही:
हो, पण ट्रेडमार्क फर्मच्या नावावर असेल तर आधी कंपनीच्या नावे करा. आणि फर्म कंपनीला गर कुठल्या भावानं देणार, याचा लेखी करार हवा. कागद तपासताना गुंतवणूकदार पहिल्यांदा हेच मागतात.