मदत हवी आहे: अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली, धमन्यांसाठी अँटिबायोटिक द्यायचं का?

सिंहगडरोडकर
वडील ६४ वर्षांचे, मधुमेह १२ वर्षं. चार महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक, एक स्टेंट. सध्या रक्त पातळ ठेवायला अ‍ॅस्पिरिन ७५ आणि टिकाग्रेलोर ९० दोन वेळा, कोलेस्टेरॉलसाठी अ‍ॅटोर्वास्टॅटिन ८०. एका नातेवाइकांच्या सांगण्यावरून लॅबमध्ये क्लॅमिडिया न्यूमोनिया या जंतूची आयजीजी अँटिबॉडी तपासली, ती पॉझिटिव्ह आली. एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी) ११.४. त्या नातेवाइकांचं म्हणणं, "धमन्या जंतूंमुळेच कडक होतात, क्लॅरिथ्रोमायसिन ५०० दोन आठवडे दिलं की मूळच जाईल." गोळ्या आणून ठेवल्यात, अजून दिलेल्या नाहीत. हिरड्या सुजल्यात, ब्रश करताना रक्त येतं. काय करावं?

औषधाची_चिठ्ठी
गोळ्या देऊ नका. आधी धोक्याचं सांगते, शास्त्र नंतर.

टिकाग्रेलोर आणि अ‍ॅटोर्वास्टॅटिन ही दोन्ही औषधं यकृतातल्या एकाच एन्झाइमवाटे शरीराबाहेर काढली जातात. क्लॅरिथ्रोमायसिन नेमकं तेच एन्झाइम अडवतं. मग टिकाग्रेलोर रक्तात साचून रक्तस्राव होऊ शकतो. टिकाग्रेलोर आणि क्लॅरिथ्रोमायसिन ही जोडी देऊच नये असं आहे. अ‍ॅटोर्वास्टॅटिन साचलं तर स्नायू दुखतात, वाढलं तर स्नायू विरघळायला लागतात, लघवी काळसर होते आणि मूत्रपिंडावर येतं. क्लॅरिथ्रोमायसिनसोबत अ‍ॅटोर्वास्टॅटिन २० मिलिग्रॅमच्या वर नको, तुमच्याकडे ८० चालू आहे. वडिलांना पुढे कधी घशा-छातीसाठी अँटिबायोटिक लिहून दिलं, तरी चालू औषधांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा.

आता अँटिबॉडीचं. हा जंतू श्वसनमार्गाचा आहे. नाव सारखं असलं तरी लैंगिक संबंधातून पसरणारा क्लॅमिडिया वेगळा, त्यावरून घरात भलताच अर्थ लावू नका. आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे शरीराची या जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, एवढंच. प्रौढांमध्ये निम्म्याहून अधिक लोकांत ती सापडते. आत्ता धमनीत जंतू आहे की नाही, हे तिच्यावरून कळत नाही.

नातेवाइकांची कल्पना मात्र हवेतली नाही. १९८८ साली फिनलंडमध्ये पेक्का सायक्कू आणि सहकाऱ्यांना हृदयरुग्णांत या अँटिबॉडी जास्त आढळल्या. पुढे धमनीतल्या चरबीच्या थरातही जंतूचे अंश मिळाले. मग मोठ्या चाचण्या झाल्या आणि तिथे ही आशा मावळली. २००५ च्या चाचणीत ४,०१२ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांना आठवड्याला ६०० मिलिग्रॅम अ‍ॅझिथ्रोमायसिन हे तशाच प्रकारचं अँटिबायोटिक वर्षभर दिलं, फरक शून्य. डेन्मार्कमध्ये ४,३७३ रुग्णांवर क्लॅरिथ्रोमायसिनचीच दोन आठवड्यांची चाचणी झाली, २००६ मध्ये निकाल आला: औषध घेतलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू जास्त. त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, हृदयरुग्णांना हे औषध देताना सावध राहा असा इशारा दिला. म्हणजे नेमकं जे औषध घरात आणून ठेवलंय, तेच.

हिरडी_आणि_दात
मला त्या सुजलेल्या हिरड्यांची जास्त काळजी वाटते. सीआरपी १० च्या वर गेलं की त्यावरून हृदयाचा धोका मोजत नाहीत. कुठेतरी सूज किंवा संसर्ग आहे असं धरतात. हिरड्या शांत झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासा.

हिरड्यांच्या डॉक्टरांकडे जा, म्हणजे पेरिओडॉन्टिस्टकडे. ते मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी घालून खोली मोजतात. ३ पर्यंत ठीक. ४ किंवा जास्त आणि सळई लावताच रक्त आलं तर आत जंतूंचं घर आहे. मुळापर्यंत साफसफाई करावी लागते.

ती एका बैठकीत उरकू नका. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १२० जणांच्या अभ्यासात एकाच बैठकीत जोरदार सफाई केल्यावर २४ तासांत शरीरातली सूज वाढली आणि रक्तवाहिन्यांची लवचीकता घटली. दोन आणि सहा महिन्यांनी मात्र ती सुधारलेली दिसली. म्हणून तुमच्या वडिलांसारख्याचं तोंड तीन-चार भागांत विभागून घ्यावं. केव्हा सुरू करायचं ते हृदयरोगतज्ज्ञांना विचारून. हिरड्यांच्या उपचाराने अटॅक टळतो असं सिद्ध झालेलं नाही. पण मधुमेह्यात साखर थोडी उतरते आणि दात वाचतात, तेवढंही पुष्कळ आहे.

दोन चुका हमखास होतात. रक्त येईल म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा टिकाग्रेलोर परस्पर बंद करतात: कधीच नाही, स्टेंट बुजू शकतो. रक्त गॉजने दाबून थांबवता येतं. दुसरं, स्टेंट आहे म्हणून आधी अँटिबायोटिक देतात: फक्त स्टेंटसाठी त्याची गरज नाही, हृदयात कृत्रिम झडप असेल तर वेगळं.

सिंहगडरोडकर
गोळ्या बाजूला ठेवल्या. मग संसर्ग आणि हृदय यात आपल्या हातात काही आहे का?

औषधाची_चिठ्ठी
आहे, फ्लूची लस. २०१८ मध्ये कॅनडातल्या अभ्यासात फ्लू झाल्याचं तपासणीत ठरल्यावर पहिल्या ७ दिवसांत अटॅकचं प्रमाण सहापट आढळलं. तापाची सूज धमनीतल्या चरबीच्या थरावरचं आवरण फोडते, रक्तही गोठायला टपलेलं असतं. २०२१ च्या चाचणीत अटॅकनंतर लगेच लस दिलेल्या रुग्णांत वर्षभरात मृत्यू, पुन्हा अटॅक किंवा स्टेंट बुजणं मिळून ५.३ टक्के, न दिलेल्यांत ७.२ टक्के.

पुण्यात फ्लू पावसाळ्यात उसळतो आणि थंडीतही डोकं काढतो, म्हणून एप्रिल-मे मध्ये लस घ्या. परिणाम यायला दोन आठवडे लागतात. दरवर्षी घ्यावी लागते. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या चालू असल्याचं आधी सांगा: बारीक सुई, नंतर दोन मिनिटं नुसतं दाबायचं, चोळायचं नाही. ताप आलाच तर पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन नको. तापात छातीवर दडपण, जबड्यात दुखणं किंवा दरदरून घाम आला, तर तापामुळेच असेल म्हणत बसू नका, १०८ ला फोन करा.