मदत हवी आहे: 'रॉकी हॉरर पिक्चर शो'ला पहिल्यांदाच जातेय, भाचीबरोबर

नमस्कार मंडळी,

मी म्युनिकला राहते. येत्या शनिवारी रात्री उशिराच्या खेळाला 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' बघायला जायचंय, इसार नदीजवळच्या म्यूझियम लिक्टश्पीले थिएटरात. तिथे हा सिनेमा १९७७ पासून लागतोय आणि अजून उतरलेला नाही. साधा सिनेमा असता तर धागा काढला नसता. पण इथे प्रेक्षक पडद्याशी बोलतात, ठरलेल्या प्रसंगाला ठरलेली वस्तू फेकतात, मध्येच उठून नाचतात म्हणे. मला यातलं काहीच माहीत नाही.

भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी, वीस वर्षांची, इथेच शिकते. गेल्या दिवाळीत फराळाला आली तेव्हा तिने मला सांगितलं की तिला मुली आवडतात. घरात सगळ्यांत आधी मलाच. (हे तिला विचारून लिहितेय.) मी तिला जवळ घेतलं, पण बोलायला शब्दच सुचले नाहीत आणि ते अजून मनाला लागून राहिलंय. आता तिने आपणहून विचारलं, "मावशी, तू येशील का?" तिचा सगळा कंपू तिथे जातो. मला तिथे पर्स मांडीवर धरून कोपऱ्यात बसायचं नाहीये. जे सगळे करतात ते मलाही करायचंय.

तयारी थोडी झाली आहे. रबरी हातमोजे भांडी घासायच्या सिंकखालून काढले. डोक्यावर धरायला वर्तमानपत्र लागतं, तर आईने पाठवलेली लोणच्याची बरणी ज्या मराठी पेपरात गुंडाळून आली होती तोच जपून ठेवलाय, एका कोपऱ्याला तेलाचा डाग आहे. पत्त्यांचा जोड, छोटी घंटा, टॉर्च, टॉयलेट पेपरचा रोल.

अडलंय ते तांदळापाशी. आणि भाजलेल्या पावापाशी. आमच्या आजीच्या पानाबाहेर सांडलेलं शीतसुद्धा उचललं जायचं. अन्न फेकायला माझा हात होईल असं वाटत नाही, आणि नाही फेकलं तर भाचीला वाटेल की मावशी अंतर राखून बसली आहे. काय करू?

दुसरं म्हणजे, पहिल्यांदा येणाऱ्याला 'व्हर्जिन' म्हणतात, गालावर लिपस्टिकने इंग्रजी 'व्ही' काढतात आणि कधी कधी स्टेजवर बोलावतात, असं वाचलं. अनोळखी माणसांपुढे मला ते झेपणार नाही. नाही म्हटलेलं चालतं का? आणि सिनेमा आधी बघून जावा का?

कुणी गेलं असेल तर मनापासून सांगा. आगाऊ आभार.

*

प्रतिसाद (बॉस्टनहून)

ताई, मी इथे शिकायला आले तेव्हापासून जातेय, म्हणून सविस्तर लिहिते.

सिनेमा आधी बघू नका. गोष्ट मात्र वाचून जा, कारण हॉलमध्ये संवाद ऐकू येत नाहीत, प्रत्येक वाक्यावर लोक ओरडत असतात. थोडक्यात अशी: ब्रॅड आणि जॅनेट हे नुकतं लग्न ठरलेलं जोडपं. पावसाळी रात्री गाडीचा टायर फुटतो, मदत मागायला एका वाड्यात शिरतात, आणि तिथे डॉ. फ्रँक-एन-फर्टर आपल्या प्रयोगशाळेत एक देखणा तरुण घडवत असतो. तो फ्रँक म्हणजे टिम करी हा नट. जाळीचे मोजे, उंच टाचा आणि लिफ्टमधून होणारा तो प्रवेश! तिथे हॉल अक्षरशः उसळतो.

१९७५ मध्ये हा सिनेमा साफ पडला होता. १९७६ च्या १ एप्रिलला न्यूयॉर्कच्या वेव्हर्ली थिएटरने तो मध्यरात्रीच्या खेळाला लावला आणि तेच ते लोक दर आठवड्याला परत यायला लागले. पावसात जॅनेट डोक्यावर पेपर धरून चालते, ते बघून एका शिक्षकाने पडद्याकडे तोंड करून ओरडून सांगितलं की छत्री विकत घे. तिथून ही ओरडण्याची प्रथा वाढली असं मानतात. त्या काळात लिपस्टिक लावलेल्या मुलाला मोकळेपणाने बसायला किती जागा होत्या? इथे तो आला की लोक त्याच्यासाठी टाळ्या वाजवायचे. तुमच्या भाचीने तुम्हाला नेमकं इथे का बोलावलं, ते मला तरी कळतंय.

आता वस्तू. सुरुवातीलाच पडद्यावर ब्रॅड-जॅनेटच्या मित्राचं लग्न लागतं, तिथे तांदूळ. पावसाला पेपर, मागचे लोक पाण्याच्या पिचकाऱ्या मारतात. वाड्यात दिवा दिसल्याचं गाणं लागलं की टॉर्च. पूर्वी मेणबत्त्या लावायचे, आता आगीमुळे बहुतेक ठिकाणी बंदी. फ्रँक प्रयोगशाळेत हातमोजा तीनदा ताणून सोडतो, त्याच्याबरोबर आपलाही 'फट्' वाजला पाहिजे. व्हीलचेअरवर डॉ. स्कॉट आले की ब्रॅड 'ग्रेट स्कॉट!' म्हणतो आणि टॉयलेट पेपर उडतो, कारण अमेरिकेत स्कॉट नावाचा टॉयलेट पेपर घरोघरी असतो. जेवणाच्या टेबलावर फ्रँक टोस्ट सुचवतो, म्हणजे ग्लास उंचावून कुणाच्या नावाने प्यायचं. त्या शब्दावर श्लेष करून भाजलेला पाव फेकतात. घंटा आणि पत्ते शेवटाकडे लागतात, भाची खूण करेल. पडद्याच्या दिशेने काहीही फेकायचं नाही, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा, पडदा खराब होतो.

बऱ्याच थिएटरांत तांदूळ चालतच नाहीत, पाय घसरतात, उंदीर होतात. त्यामुळे थिएटरचे नियम आधी विचारा. पाव नाही फेकला तर कुणी बघतही नाही. मी पुठ्ठ्याचा चौकोन कापून त्यावर तपकिरी रंग दिला होता, तो दोन वर्षं पुरला.

'व्ही'बद्दल. स्टेजवर बोलावणं होतं ते जिथे पडद्यापुढे जिवंत नट तोच सिनेमा साकारतात तिथे, आणि तिथेही 'नको' म्हटलं की विषय संपला पाहिजे. आमच्या गटात विचारल्याशिवाय कुणाच्या गालाला हात लावत नाहीत. तुमच्या भाचीलाच आधी सांगून ठेवा.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे धक्का बसणार नाही. जॅनेटच्या नावापुढे दर वेळी एक घाणेरडी शिवी ओरडतात. मी ओरडत नाही, गप्प राहते, आणि माझ्यासारख्या बऱ्याच जणी आहेत. फ्रँक अंधारात सोंग घेऊन आधी जॅनेटच्या आणि मग ब्रॅडच्या बिछान्यात शिरतो तो प्रसंगही आज खटकतो. यावर भाचीशी नंतर बोला. ही पोरं या सिनेमावर प्रेम करतात आणि त्याच्याशी भांडतातही.

सिनेमातल्या 'टाइम वॉर्प' या गाण्यावरच्या नाचाची काळजी नको. निवेदक तक्ता दाखवून पावलं शिकवतो. डावीकडे उडी, उजवीकडे पाऊल, हात कमरेवर, गुडघे जवळ. झिम्मा खेळलेल्या बाईला अवघड नाही.

*

प्रतिसाद (कोल्हापूरहून)

सिनेमा मी पाहिलेला नाही. पण आमच्या लहानपणी टॉकीजमध्ये लावणी लागली की पुढच्या रांगांतून चिल्लर उडायची आणि शिट्ट्यांनी गाणं ऐकू यायचं नाही. संगीत नाटकांना 'वन्स मोअर' घेऊन घेऊन पहाट व्हायची असं वडील सांगत. तेव्हा हे आपल्याला परकं नाही.

तांदळाचं म्हणाल, तर लग्नातच टाकायचे आहेत ना? मग त्या अक्षताच की. मूठभर न्या आणि जोडपं दिसलं की 'शुभमंगल सावधान' म्हणून टाका. भाचीला आमचा आशीर्वाद सांगा.

*

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. काल जाऊन आले.

भाचीला आधीच सांगितलं होतं, त्यामुळे स्टेजचा प्रश्नच आला नाही. 'व्ही' तिने थिएटरबाहेर दिव्याखाली स्वतः काढला. आधी विचारलं, "काढू का गं?" मी गाल पुढे केला. एका हाताने माझी हनुवटी धरून ती इतक्या एकाग्रतेने रेघ ओढत होती की मला ती पाच वर्षांची असताना रांगोळीत रंग भरायची ते आठवलं.

तांदूळ मूठभरच नेले. हळदकुंकू लावलं नाही, लोकांचे कपडे डागाळतील म्हणून. पडद्यावर जोडपं बाहेर आलं, चहूबाजूंनी तांदूळ उडाले आणि माझ्या तोंडून खणखणीत 'सावधान!' निघालं. भाची क्षणभर माझ्याकडे बघत राहिली आणि पुढच्याच क्षणी तीही ओरडली. पुढच्या रांगेतली मुलगी मागे वळून काय ओरडलात म्हणून विचारायला लागली, तर भाचीने तिला जर्मनमध्ये समजावलं, लग्न लागताना आमच्याकडे असं म्हणतात आणि ही माझी मावशी आहे. पाव मी फेकला नाही. कुणी विचारलंही नाही.

हातमोज्याचे दोन 'फट्' जमले, तिसरा उशिरा वाजला. लोणच्याचा पेपर भिजून लगदा झाला.

परत येताना ट्रामची वाट बघत बराच वेळ बोललो. दिवाळीत जे सुचलं नव्हतं ते बोलले. ते इथे लिहीत नाही.

आता पुढची मदत. भाची आणि मी पुढच्या महिन्यात परत जाणार आहोत आणि मला सिनेमातल्या कोलंबिया नावाच्या बाईचा वेश करायचा आहे. तिचा सोनेरी टिकल्यांचा, मागे शेपटी असलेला कोट असतो. माझ्याकडे टिकल्या लावलेली एक जुनी सोनेरी ओढणी आहे, साधारण अडीच मीटर. अस्तर लावून त्यातून कोट बसेल का, की फक्त पुढचे भाग आणि शेपटीच होईल? टिकल्यांवरून मशीन चालवताना सुई तुटते असं ऐकलंय. शिवणकाम येणाऱ्यांनी कृपया सांगा.