मदत हवी आहे: पेट्रोलची टाकी उतरवून पंप बदलायचाय

जामसंडेकर: सेल्फ मारला की इंजिन फिरतं, पण पकडत नाही. पंप गेलाय हे नक्की. टाकी खाली कशी उतरवायची तेवढंच सांगा, बाकी सल्ले नकोत. गणपती तोंडावर आलेत, मुंबईची मंडळी कणकवली स्टेशनवर उतरणार आणि गाडी दारात मेलेली. मेकॅनिक म्हणतो चतुर्थीनंतर बघू.

खाडीकाठ: अरे झिला, गाडी खयची ता तरी सांग! पेट्रोल की डिझेल? टाकी भरलेली की रिकामी? आमी हय बसान काय पंचांग बघूचा?

पाना_बारा_तेरा: 'नक्की' कशावरून ठरवलंत? सेल्फ न मारता नुसती चावी ऑन करा आणि मागच्या सीटला कान लावा. दोन-तीन सेकंद बारीक घूं आवाज येतो का? येत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंपाला करंट देणारा स्विच). तशाच पिनांचा दुसरा रिले काढून तिथे लावून बघा. फुकटात होतं.

निवृत्त_बरा: ही सगळी इथेनॉलची कृपा. ई-२० आल्यापासून जुन्या गाड्यांच्या रबराची वाट लागली आहे.

घाटावरचा: टाकी कशाला उतरवता? मागची सीट उचला, खाली झाकण असतं. माझ्या गाडीचा पंप मी तसाच वरून बदलला. उगाच मोठं काम काढू नका.

जामसंडेकर: जुनी ऑल्टो आहे, पेट्रोल. सीट उचलून पाहिली, झाकण नाही. आवाज शून्य. फ्यूज शाबूत, रिले बदलला तरी तेच. टाकी अर्ध्याच्या वर भरलेली. आता तरी सांगाल का?

जुगाडू_भाऊ: झाकण नाही तर करून घ्या की! सीटखालचा पत्रा ग्राइंडरने चौकोनी कापायचा, पंप बदलायचा, वर पत्रा स्क्रूने बसवून सिलिकॉन मारायचं. पुढच्या वेळी पाच मिनिटांचं काम. मी केलंय.

पाना_बारा_तेरा: जामसंडेकर, वरचं काहीही करू नका. पत्र्याच्या खाली टाकी, वर ग्राइंडरची ठिणगी! भरलेल्या टाकीपेक्षा अर्ध्या टाकीत वाफ जास्त, आणि भडका वाफेचा उडतो.

जुगाडू_भाऊ: मग छिन्नीने कापा. पुस्तकी मेकॅनिक इथे फार झालेत.

पाना_बारा_तेरा: छिन्नीनेही ठिणगी पडते, भाऊ. असो.

जामसंडेकर, पंपाकडे जाणारा कनेक्टर सुटा करा आणि कुणाला तरी चावी ऑन करायला सांगून मल्टिमीटर लावा. बॅटरीइतके व्होल्ट येत असतील, अर्थिंगही चांगलं असेल आणि तरी पंप गप्प, तर पंपच मेला. व्होल्ट येत नसतील तर टाकीला हात लावू नका, वायर शोधा. किनाऱ्यावरच्या गाड्यांत पिना हिरव्या पडलेल्या मी कितीतरी पाहिल्यात.

उतरवायचीच झाली तर गाडी उघड्यावर घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खड्ड्यात किंवा बंद शेडमध्ये खाली साचून राहते. पंपाचा फ्यूज काढून थोडा सेल्फ मारा म्हणजे लाइनमधलं उरलंसुरलं प्रेशर जातं. मग बॅटरीची निगेटिव्ह काढा. पेट्रोल हातपंपाने बंद झाकणाच्या धातूच्या कॅनमध्ये घ्या, तोंडाने नळी ओढू नका. भरलेली टाकी जॅकवर डोलते, म्हणून आधी रिकामी करायची.

गाडी जॅक-स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. टाकीखाली दुसरा जॅक, मध्ये लाकडी फळी. भरायच्या तोंडाची जाड नळी, हवेची बारीक नळी आणि इंजिनकडची लाइन सोडा, मगच बोल्ट. थोडी खाली आली की थांबा आणि वरची वायर सुटलीय का ते हात घालून बघा. तिथेच घाई होते आणि कनेक्टर तुटतो. पंपाभोवतीची माती ब्रशने काढून मगच पंप उचला, नाहीतर वाळू थेट टाकीत. जुनं रबरी सील पुन्हा वापरू नका.

निवृत्त_बरा: सील कुठलं टिकणार? इथेनॉल पाणी ओढतं, हे शास्त्र आहे.

घाटावरचा: ओढतं, पण पंप मरतो ते रिझर्व्हवर गाडी दामटल्यामुळे. आतल्या मोटरला थंड ठेवतं ते पेट्रोलच.

निवृत्त_बरा: जामसंडेकरांची टाकी अर्ध्याच्या वर आहे, वाचलंत का?

घाटावरचा: आज आहे. वर्षभर कशी चालवली ते त्यांनाच विचारा.

माहेरवाशीण: विषय निघालाच आहे तर, कोल्हापूरहून देवगडला गणपतीसाठी फोंडा घाट बरा की गगनबावडा? मागच्या वर्षी धुक्यात हात दिसत नव्हता.

खाडीकाठ: फोंडाच बरो. राधानगरीत चाय घेवा.

सीएनजी_समर्थक: पंपाची कटकटच नको, सीएनजी किट बसवून टाका.

जामसंडेकर: व्होल्ट पुरेपूर येतात, अर्थिंग तपासलं, पंप गप्पच. टाकी रिकामी केली. पण मागचा एक बोल्ट हलायला तयार नाही. डोकं गंजून पापडासारखं सुटतंय, पाना धरतच नाही. खारा वारा, दुसरं काय. आता काय करू? कापू का?

जुगाडू_भाऊ: मी काय म्हणत होतो!

पाना_बारा_तेरा: कापायचं नाही. रिकामी टाकी जास्त धोक्याची, आत निव्वळ वाफ. गॅसने तापवायचंही नाही. तारेच्या ब्रशने गंज काढा, डब्ल्यूडी ४० मारा आणि रात्रभर सोडा, सकाळी पुन्हा मारा. सहा कोनांचा सॉकेट ठोकून बसवा, बारा कोनांचा घसरतो. आधी किंचित आवळायचा, मग सोडायचा. तुटलाच तर तुटू दे, खाली आल्यावर लेथवाल्याकडून काढून घेता येईल. आणि जुन्या पंपावरचा नंबर इथे टाका, कणकवलीत मिळतो का विचारतो.

खाडीकाठ: आणि स्टेशनार जावक माझी रिक्षा आसा. सामान किती ता सांग आधी.