हॉरर पिक्चर बघताना खरोखर टरकलात, ते कशामुळं?

सुट्टीला भाचा आलाय साताऱ्याला, नववीतला. परवा रात्री दोघांनी एक हॉरर पिक्चर बघितला. विद्रूप चेहरे, रक्त, किंकाळ्या सगळं झालं आणि हा निवांत चिवडा खात बसलेला. पण एका सीनमध्ये रिकाम्या खोलीत झोपाळा नुसता हलत असतो, कोणी नाही काही नाही, तिथं ह्यानं माझा हात घट्ट धरला. तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय म्हणून धागा काढतेय. पिक्चरच्या याद्या नकोत, तुम्हाला नेमकं काय भिडलं आणि का, ते लिहा.

माझं आधी सांगते. 'तुंबाड' आला २०१८ ला, सगळे त्यातल्या हस्तर राक्षसाबद्दल बोलत होते, मला हस्तरची भीती वाटलीच नाही. मला घाम फुटला तो सुरुवातीच्या त्या म्हातारीला. ती आणि ते पोरगं, घरात दोघंच उरतात आणि तिला खायला घालायचं काम त्याच्यावर येतं. आमच्या वाईच्या घरी पणजी शेवटची दोन वर्षं मागच्या अंधाऱ्या खोलीत अंथरुणाला खिळून होती आणि संध्याकाळची पेज न्यायचं काम माझ्याकडं, मी आठ वर्षांची. ती मला ओळखायची नाही. कधी मनगट धरायची ते सोडायचीच नाही, आणि कुणा दुसरीच्याच नावानं हाक मारायची. मला तिची भीती वाटते हे मी घरात कधी बोलले नाही, कारण सगळे म्हणायचे किती गुणाची पोर, पणजीचं करते. थेटरात बसल्या बसल्या मला त्या पेजेचा वास आला, खरंच आला. बाहेर आल्यावर रडले, ते भीतीनं का पणजीसाठी, अजून सांगता येत नाही.

पलूसकर:
ताई, वाचून काटा आला अंगावर. आमच्याकडं मोटरीची लाईट बऱ्याचदा रात्रीचीच, त्यामुळं बारा-एकला खोरं आणि बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला जायचं हे आयुष्यभर केलंय, कधी काय वाटलं न्हाय. मग 'लपाछपी' बघितला, २०१७ चा, पूजा सावंतचा. घर उसाच्या मधोमध आणि त्यात अडकलेली गरोदर बाई. शहरातल्या माणसाला ते नुसतं लोकेशन वाटत असंल, पण आडसाली ऊस डोक्याच्या वर गेला की आत दिशा कळत न्हाय हे आम्हाला ठावं हाय. सरी सोडून दहा पावलं आत गेलं की चारी बाजूनं एकच दिसतंय, पाल्यानं हातावर चरे पडत्यात, आणि वारं नसताना कुठंतरी पाला वाजतो, तो उंदीर हाय का कोल्हा का बिबट्या, कळायला मार्ग नसतो. आणि पिक्चरमध्ये जे पोटातल्या पोरींचं हाय ते भुताच्या वरचं. त्याच साली मार्चमध्ये आमच्या सांगली जिल्ह्यात म्हैसाळला ओढ्याजवळ पुरलेले १९ गर्भ सापडले होते. ते डोक्यातनं जाईना. दुसऱ्या रात्री दारं मोडायला, म्हंजे पाणी एका सरीतनं दुसरीत वळवायला, आत जायचं धाडसच होईना, बांधावर बसून ऱ्हायलो आणि पोराला फोन करून बोलवून घेतला.

मिरजकर:
आमचं तंबोरे-सतारींचं काम, तीन पिढ्या. माझ्या मते भीती कानातनं आत शिरते. हिचकॉकचा 'सायको', १९६० चा. न्हाणीघरातल्या सीनला फक्त तंतुवाद्यं आहेत, संगीतकार बर्नार्ड हरमनचं काम. हिचकॉकला आधी तिथं संगीतच नको होतं, ऐकल्यावर मत बदललं. व्हायोलिनच्या गजानं तार अशी ओरबाडलीय की तारच किंचाळते. आवाज बंद करून तोच सीन बघा, निम्मी भीती जाते, मी करून बघितलंय. आमच्या दुकानात एखाद्या तंबोऱ्याची तार केसभर उतरलेली असली तर वडिलांना बसवायचं नाही, पोटात कालवतं म्हणायचे. हॉररवालेही तेच करतात, न जुळणारे दोन सूर खालच्या पट्टीत धरून ठेवतात, आपल्याला कळतही नाही आणि अंग आखडलेलं असतं. मग सगळं थांबतं. त्या शांततेत आपण कान देऊन बसतो, ती खरी भीती. पुढं दाणकन जे वाजतं त्यानं माणूस नुसता दचकतो, तसा तो फटाक्यालाही दचकतो.

खटावकर:
दचकण्याला हलकं समजू नका दादा. पुसेगावच्या यात्रेत तंबू टॉकीजमध्ये रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' बघितला, १९८४ चा पिक्चर, मातीत बसून. पडद्यावर काय आलं ते आता आठवतही नाही, पण अख्खा तंबू एकदम ओरडला आणि शेजारचा अनोळखी म्हातारा माझा दंड धरून थरथरत होता. मोठी माणसं पण भितात, हे मला त्या रात्री कळलं. वस्तीवर चालत जायचं होतं, वाटेत कोणी बोललं नाही.

कऱ्हाडची:
बाळ कोपऱ्यात बघून एकटंच हसतंय, एवढं दाखवा, बास. मूल झाल्यापासून मला ते बघवत नाही.

सांगलीकर:
मला न दिसणाऱ्याची. २०१९ च्या पुरात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, लाईट नाही, आम्ही वरच्या मजल्यावर. बॅटरीच्या उजेडात जिन्याच्या पायऱ्या एकेक बुडताना बघायच्या आणि रात्रभर खालनं धप धप आवाज, काहीतरी भिंतीला येऊन धडकतंय. सकाळी कळलं आमचाच फ्रीज तरंगत होता. नंतर कधीतरी 'जॉज' लावला, १९७५ चा. त्यातला यांत्रिक शार्क मासा समुद्राच्या पाण्यात सारखा बिघडायचा म्हणून बराच वेळ तो दाखवलाच नाही, नुसतं पाणी. बाकीचे वाट बघत होते मासा कधी दिसतोय, मी त्याच्या आधीच उठून बाहेर आले. पाचव्या पायरीपाशी पुराची रेघ अजून आहे.

धागा काढणारी:
पलूसकर दादा, तुमचं भाच्याला वाचून दाखवलं. तो विचारतोय, पोरगा आल्यावर आत गेलात का?

पलूसकर:
गेलो की. पाणी द्यायलाच लागतंय. पोरगा पुढं, मी मागं, आणि बॅटरी दोघांनी चालू ठेवलेली.