मैदान सोडून भलतीकडेच भेटलेले गुरू – आपापले अनुभव लिहा

पळता_पाय

काल काकांचा दहावा होता म्हणून बऱ्याच वर्षांनी पहाटे रामकुंडावर गेलो. कावळा काही शिवेना, आत्याने नातवाच्या शिक्षणापासून गच्चीच्या गळतीपर्यंत सगळी आश्वासनं देऊन झाली. माझं डोकं करणारा पोरगा विशीतला, एक डोळा मोबाईलवर. कानामागे लागलंच मला. आणि त्या चरचरण्याने एकदम पंधरा वर्षं मागे गेलो, रात्रभर झोप नाही, म्हणून हा धागा.

२०१० साल. दिल्लीच्या कॉमनवेल्थमध्ये कविता राऊतने दहा हजार मीटरला ब्राँझ आणलं आणि नाशकात ज्याला त्याला वाटायला लागलं आपणही पळू शकतो. सावरपाड्याची पोरगी पळते तर पंचवटीतला मी का नाही, असा माझा अकरावीतला हिशोब. पाच हजार मीटर माझा इव्हेंट. रोज पहाटे घाट, गाडगे महाराज पूल, तपोवन आणि परत. डोक्यात फक्त टायमिंग, कोणी आडवं आलं की मनातल्या मनात शिव्या. घाटावर दशक्रियेला बसलेल्या माणसांच्या मधूनही वाट काढत पळायचो, आता लिहिताना लाज वाटते.

जिल्ह्याच्या निवडीत तिघं घेतले, मी चौथा. दुसऱ्या दिवशी पळता पळता घाटावरच थांबलो आणि पायरीवर बसून रडलो. तिथं रडणाऱ्याकडे कोणी बघत नाही ही एक सोय. शेजारी एक न्हावी काका एकाचं डोकं करत होते. त्यांना वाटलं घरातलं कोणी गेलंय. "कोण होतं?" म्हटलं कोणी नाही, सिलेक्शन गेलं. हसले नाहीत, समजूत पण घातली नाही. "बरं. तांब्या धर. हळू सोड पाणी, डोळ्यात जाऊ देऊ नको."

त्या दिवसापासून तीनेक महिने पळून आलं की अर्धा तास मी तांब्या धरायचो. का ते विचारू नका, मलाही माहीत नाही. काकांना पळण्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. एकदा विचारलं पाच हजार म्हणजे कुठून कुठपर्यंत. मी म्हटलं तसं नसतं, चारशेच्या ट्रॅकवर साडेबारा राउंड. "म्हणजे निघाला तिथंच?" म्हटलं नाही, अर्धा राउंड पुढे. "मग बरंय" म्हणाले आणि वस्तरा पुसला.

एका सकाळी माझ्याच वयाचा पोरगा बसला होता, वडील गेलेले. मी पाणी सोडतोय, केस गळ्यावरून खाली चाललेत आणि तो मान खाली घालून मला विचारतो, रोज किती किलोमीटर पळतोस. मला आकडा सांगता येईना. रोज सगळ्या जगाला सांगायचो तो आकडा.

दुसऱ्या एकदा मी पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघत होतो, पाणी भलतीकडे गेलं. काका वर न बघता म्हणाले, "हातातलं डोकं बघ. पुढचं बघितलं की रक्त निघतं." मी चौथ्या राउंडलाच बाराव्याचा विचार करून दमणारा माणूस. ट्रॅकवर कोचने हेच शंभरदा सांगितलं असेल, पण कोचच्या हातात वस्तरा नव्हता ना.

पुढच्या वर्षी परत चौथाच आलो. टायमिंग सुधारलं होतं, पण ते सोडा, त्या रात्री मी जेवलो आणि झोपलो. देवळात जाणारा तेव्हा नव्हतो, आजही फारसा नाही. पण ते तीन महिने काय होते त्याला दुसरं नाव सापडत नाही.

काल ते न्हावी काका दिसले नाहीत. तुमचे कोण आहेत असे, लिहा.

चुलीवरची

काकांबद्दल वाईट वाटलं रे. माझ्याकडे पण आहे अनुभव, लेकीचा, पण कुकरची तिसरी शिट्टी झाली. येते.

सिन्नरकर

माझी गुरू सत्तरीची आजी. आणि माझी नाही, दुसऱ्याच कोणाची तरी. तेव्हा मी हाफ मॅरेथॉन पळायचो, माज होता. ज्येष्ठात त्र्यंबकहून निवृत्तिनाथांची पालखी निघाली तर मित्राच्या नादाने सिन्नरपर्यंत चालायचं ठरवलं, चालणं म्हणजे काय आपल्याला, वॉर्मअप. भारी शूज, घड्याळ, एनर्जी जेल. दुसऱ्याच दिवशी टाचेला फोड. आजी रबरी चपलेत, डोक्यावर पिशवी, तोंडाने हरिपाठ चालू आणि माझ्या पुढे. मी सारखा घड्याळ बघतोय तर म्हणे, "काय बघतो रं सारखं, मोटार चुकायची का तुझी?" मुक्कामाला तिनेच माझा पाय मांडीवर घेतला, दोरा ओवलेली सुई फोडातून आरपार काढली आणि दोरा तसाच आत ठेवला, त्यातून पाणी झिरपून जातं. अनोळखी म्हातारी आपला घाणेरडा पाय मांडीवर घेते आणि वर विचारते दुखलं का, तेव्हा काय होतं आत ते मला लिहिता येत नाही. सिन्नरला थांबायचं होतं, थांबलो नाही. ऑफिसात सांगितलं डेंग्यू झालाय.

हाडवैद्य_नव्हे_डॉक्टर

@सिन्नरकर, आजींना नमस्कार, पण दोरा आत ठेवू नका हो. इन्फेक्शनला आमंत्रण. फोड फुटला नसेल तर झाकून ठेवा, बस. डायबेटिसवाल्यांनी तर मुळीच नाही.

सिन्नरकर

माहीत होतं कोणीतरी येणार 😀 पंढरपूरपर्यंत टिकला पाय, एवढंच सांगतो.

चहाटळ

निवृत्तिनाथांचा विषय निघालाच आहे तर. ब्रह्मगिरीवर वाघ आडवा आला, सगळे पळाले, निवृत्तिनाथ वाट चुकून गुहेत शिरले आणि तिथं गहिनीनाथ भेटले असं सांगतात. म्हणजे पळाल्यामुळे गुरू मिळालेले पहिले आपल्याच जिल्ह्यातले. धागाकर्त्याने हे आधी लिहायला हवं होतं.

पळता_पाय

वाघ मागे असता तर माझं सिलेक्शन झालं असतं.

कबड्डी_कबड्डी

मोबाईलवरून लिहितोय, चुका सांभाळून घ्या. गुडघ्याचं लिगामेंट गेलं, ऑपरेशन झालं, वर्षभर मैदान बंद. घरात सगळ्यांवर खेकसायचो. बहिणीने इगतपुरीला धम्मगिरीचा, म्हणजे विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराचा फॉर्म भरून टाकला, मला न विचारता. पहाटे चारला घंटा, बोलायचं नाही, मोबाईल जमा. पहिले तीन दिवस नुसता नाकाशी श्वास बघायचा. आता मी रेडर, म्हणजे चढाई करणारा. आयुष्यभर काय केलं तर दम लपवला, समोरच्याला कळता कामा नये की श्वास संपत आलाय, तीस सेकंद. आणि हे म्हणतात श्वास येतोय बघा, जातोय बघा, लपवू नका. दुसऱ्या दिवशी रडायला आलं, खोटं नाही सांगत.

चौथ्या दिवसापासून तासतासभर न हलता बसायचं. गुडघा पेटलेला. शेजारी एक साठीचे गृहस्थ, भरपूर पोट, दगडासारखे बसलेले. मी डोळा किलकिला करून बघायचो आणि म्हणायचो हे म्हातारं हलत नाही तर मी कसा हलू. सहा दिवस असं त्यांच्या जिवावर काढले. मनात त्यांना पार ऋषी करून टाकलं. दहाव्या दिवशी मौन सुटल्यावर जाऊन पायाच पडलो. ते म्हणाले अहो काय करता, मी ट्रक चालवतो, मला चौथ्याच दिवशी पळून जायचं होतं, पण तुम्ही खेळाडू दिसता, म्हटलं हा पोरगा उठत नाही तर आपण कसं उठायचं. दोघं एकमेकांकडे चोरून बघत बसलो होतो!! वर म्हणाले, घोरता मात्र फार.

अजून फोन असतो त्यांचा. गाडी कसारा उतरली की.

चांदवडी

@कबड्डी_कबड्डी 😂😂 घोरण्यावर उपाय मिळाला का?

आमच्या भागातला दत्तू भोकनळ आठवला. तळेगाव रोहीचा, वडिलांबरोबर विहिरी खोदायचा, सैन्यात गेल्यावर पुण्यात रोइंग शिकला आणि २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला तेरावा. आमच्याकडे पाणी बघायचं तर टँकरमध्ये, आणि हा त्यावर नाव चालवतो. माझ्या वडिलांनी तेव्हापासून विहीर खोदणाऱ्या माणसांना अहोजाहो सुरू केलं, कोणाच्यात कोण निघेल सांगता येत नाही म्हणे. विषयाला सोडून असेल तर माफी.

गंगापूररोड_त्रस्त

सगळं छान आहे, पण पळताना बरगडीखाली कळ येते त्याचं कोणी सांगेल का? गोल्फ क्लबला दोन राउंड झाले की हमखास.

हाडवैद्य_नव्हे_डॉक्टर

पळण्याआधी काय खाता?

गंगापूररोड_त्रस्त

काही नाही. म्हणजे दूध आणि दोन केळी. आणि रविवारी मिसळ, पण ती नंतर.

चहाटळ

नंतर म्हणजे दोन राउंडनंतर.

चुलीवरची

आले. लेक स्विमिंग करते, चौदा वर्षांची. हीटच्या (स्पर्धेतल्या प्राथमिक फेरीच्या) आधी उलटी, दर वेळी. आधीचे एक सर होते (नाव नको), ते सगळ्यांसमोर म्हणाले की हिच्यावर पैसे घालवू नका. घरी येऊन ती बोलेचना. तिचे बाबा म्हणे बंद कर, मी म्हणे थांब, आमचीच भांडणं.

पहाटे पाचला रिक्षाची वाट बघत ती गेटवर उभी असते. सोसायटीचे वॉचमन मामा पेठकडचे, एकादशीला भजनात टाळ वाजवतात. त्यांनी एक दिवस हिच्या हातात टाळ दिले, गारठ्यात हात गरम होतील म्हणून, बाकी काही उद्देश नव्हता हो. मग रोजचंच झालं. मग एकादशीला घेऊन गेले, मागच्या रांगेत उभं केलं. मला सांगत होती, आई, मागच्या रांगेतला टाळ कोणाला ऐकू येत नाही, पण चुकला की सगळ्यांना कळतो. मामांनीच सांगितलं असणार. आता ब्लॉकवर (उडी मारायच्या चौथऱ्यावर) जायच्या आधी मांडीवर बोटांनी ठेका धरते, ओठ हलत असतात. विचारलं काय म्हणतेस तर म्हणे तुला काय करायचंय.

उलटी होते अजून कधीकधी. तोंड धुऊन येते आणि ब्लॉकवर उभी राहते. तिच्या वयात मला हे जमलं नसतं, आजही जमत नाही. मामांना दिवाळीला स्वेटर घेतला तर म्हणाले टाळांना नवी दोरी आणा, स्वेटर आहे.

कबड्डी_कबड्डी

ताई, लेकीला शाब्बासकी द्या आमच्याकडून. त्या सरांना काय द्यायचं ते मी मनात ठेवतो, दहा दिवस बसलोय शेवटी.

घाटावरचा_जुना

@पळता_पाय, तुझे न्हावी काका डावखुरे होते का? दुतोंड्या मारुतीच्या बाजूला बसायचे, कानावर बिडी?

पळता_पाय

हो!!! डावखुरेच. बिडी पण. कुठे आहेत?

घाटावरचा_जुना

आहेत, काळजी नको. हात थरथरतो म्हणून बसायचं सोडलं. २०१६ च्या पुरात पेटी वाहून गेली, त्यानंतरही काही वर्षं बसले. आता मुलाने सलून टाकलंय, एसीवालं. काका बाहेर खुर्ची टाकून पेपर वाचतात आणि आत गेलेल्या प्रत्येकाला बाहेर आल्यावर सांगतात मागून नीट नाही झालं. पत्ता इथे टाकत नाही, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघ.

पळता_पाय

बघितला. रविवारी जातो. डोक्यावर आता काहीच नाही, निदान दाढी तरी करून घेईन.

चहाटळ

तांब्या घेऊन जा.