अबोला कशाने सुटला? तुमचे अनुभव लिहा

आपल्याकडे घरात भांडण झालं की 'माझं चुकलं' असं सरळ म्हणणारी माणसं फार कमी. त्यापेक्षा चहाचा कप पुढे सरकतो, आजारपणात डबा येतो, 'जेवलीस का' विचारलं जातं. अशा साध्या गोष्टींनी ताणलेलं नातं सैल झाल्याचे अनुभव हवे आहेत. न सुधारलेली नाती पण लिहा, ती लपवू नका.

सुरुवात करते. सासूबाई 2020 च्या होळीला आमच्याकडे आल्या आणि मार्चअखेर लॉकडाऊन लागला, लहान फ्लॅट, माझं वर्क फ्रॉम होम, आणि आमचं आधीपासूनच जेमतेम बोलणं. दार लावून लॅपटॉपवर बसते म्हणजे काम टाळते असं त्यांना वाटायचं. मग कधीतरी लक्षात आलं की माझी मीटिंग चालू असली की त्या कुकरच लावत नाहीत, शिट्ट्यांचा आवाज जाईल म्हणून. मला त्यांनी सांगितलंही नव्हतं. त्या दिवसापासून मी त्यांच्या बीपीच्या गोळ्या बघायला लागले, रात्री त्यांच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावून द्यायला लागले. मतभेद आजही आहेत, पण आता ते तोंडावर बोलतो.

----

आमचं गाव पलूस तालुक्यात, कृष्णाकाठी. वडील आणि चुलते बांधावरून बोलत नव्हते, लग्नकार्यातसुद्धा पाठ फिरवायचे. ऑगस्ट 2019 च्या पुरात पाणी चढलं तेव्हा वडील पुण्यात माझ्याकडं होते आणि परत जायला रस्ता नव्हता. चुलत्यांनी आमच्या म्हशी दावणीतनं सोडवून स्वतःच्या जनावरांबरोबर ट्रॉलीतनं उंचावर नेल्या, पाणी उतरेपर्यंत वैरण त्यांचीच. वडील गावात पोचले ते आपल्या घराकडं न जाता आधी फावडं घेऊन त्यांच्या घरातला गाळ काढायला गेले. तरी बांधाचा वाद काय गाळ काढून मिटला नाही हं, तो मोजणी करून हद्दीचे दगड रोवले तेव्हाच मिटला. पण मोजणीच्या अर्जावर दोघांच्या सह्या झाल्या त्या म्हशींमुळं, एवढं मी नक्की सांगतो.

----

वडील गेल्यावर भावाने हक्कसोड पत्र पुढे केलं, मी सही केली नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा मुलाइतकाच हक्क आहे, मग का सोडायचा? भाऊबीज बंद झाली. वहिनी मात्र दर मे महिन्यात कोकणातून कुणाबरोबर तरी आमसुलं, फणसाची साठं पाठवत राहिली, चिठ्ठी नाही फोन नाही. भाचीला बारावीनंतर क्लाससाठी ठाण्यात राहायचं होतं, तेव्हा मीच वहिनीला म्हटलं, हॉस्टेल कशाला, आत्या आहे ना. तिला सोडायला भाऊ आला, पाणी प्यायला, आणि जाताना म्हणाला गुडघा दाखव एकदा डॉक्टरला, लंगडतेस. सही मी अजून केलेली नाही, करणारही नाही. नातं टिकवायचं म्हणून बाईने हक्क सोडावा असं कृपया कुणी इथे सुचवू नका. माझं नातं हक्क न सोडता सुधारतंय.

----

मी न्यू जर्सीला असतो. लग्न बाबांना मान्य नव्हतं म्हणून बोलणं तुटलं होतं. एके दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर पेपरातल्या शब्दकोड्याचा फोटो आला, खाली एवढंच, 'सात आडवा सुचत नाही.' बाबांना शब्दकोडं सुटत नाही हे शक्यच नाही! मी उत्तर पाठवलं, दुसऱ्या दिवशी परत फोटो. आता बायको पण सोडवते आणि बाबा तिला थेट मेसेज करतात.

----

माझं वेगळं आहे. नवऱ्याच्या रागावर सगळ्यांचा सल्ला एकच, तू गोड बोल, त्याच्या आवडीचं कर. सगळं केलं, मार थांबला नाही. जिथे भीती आहे तिथे आपण प्रेमाने वागून काही बदलत नाही, उलट समोरच्याला ते सोयीचं होतं. शेवटी बॅग घेऊन माहेरी गेले, जिथे प्रेमविवाहामुळे आईने अबोला धरला होता. आईने एक प्रश्न विचारला नाही, बॅग आत घेतली आणि म्हणाली, आधी आंघोळ कर, मी भात टाकते. नातं सुधारलं ते हे, आईचं आणि माझं.

----

ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. तुमच्यासारख्या परिस्थितीत कुणी वाचत असेल तर 181 ही महिला हेल्पलाइन आहे, आणि कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते, त्यासाठी आधी घटस्फोटाची केस टाकावी लागत नाही. बाकीच्यांनी लिहीत राहा, शेजाऱ्यांचे अनुभव अजून एकही आलेले नाहीत.